कमी गुण आणि वैद्यकीय संशोधनाची वाट

(संस्थेच्या वतीने कान्हे येथे भरलेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात शिक्षण समितीतर्फे झालेले भाषण)



नीटचा निकाल लागला की आमच्या समितीकडे पालकांची रीघ लागते. मुलाला सरकारी महाविद्यालयात जागा मिळाली ते पेढे घेऊन येतात, आणि ज्यांची थोडक्यात हुकली ते मान खाली घालून येतात. अलीकडे मात्र एक तिसरा प्रश्न कानावर येऊ लागला आहे आणि त्याचा आम्हाला मनापासून आनंद वाटतो. मुले विचारतात, डॉक्टरही व्हायचे आणि संशोधनही करायचे, दोन्ही पदव्या घ्यायच्या, असे करता येते का? आणि लगेच आवाज खाली आणून पुढचे वाक्य येते, "पण आमचे गुण बेताचेच आहेत."

आजचे भाषण या दुसऱ्या वाक्याबद्दल आहे. आमचे उत्तर असे की अर्ज जरूर करावा. मात्र या वाटेवर जे दरवाजे लागतात, त्यांतला कोणता गुण मोजून उघडतो आणि कोणता काम पाहून उघडतो, हे अगोदर नीट ओळखून करावा. आपली बरीच मुले पहिल्या दरवाजावरचा आकडा पाठीवर घेऊन पुढच्या सगळ्या दरवाजांपुढे उभी राहतात, आणि तिथे तो आकडा कोणी विचारतही नाही.

प्रथम ही दुहेरी पदवी म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत १९६४ साली तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने एक योजना काढली. तीत विद्यार्थी वैद्यकीय पदवी आणि पीएचडी एकाच कार्यक्रमात, साधारण आठ वर्षांत, पूर्ण करतो. आपल्याकडे बारावीनंतर असा एकसंध मार्ग रूढ नाही. एमडीबरोबर पीएचडी अशी योजना भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीने लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठासारख्या ठिकाणी चालविली गेली, पण अशा जागा मोजक्याच. म्हणून आपल्या मुलाला हा प्रवास टप्प्याटप्प्याने करावा लागतो. त्यात कमीपणा काही नाही. उलट टप्पे असल्यामुळे एका परीक्षेत कमी पडलेला दुसऱ्या ठिकाणी भरून काढू शकतो.

पहिला टप्पा म्हणजे एमबीबीएसचा प्रवेश. येथे आम्ही गोड बोलणार नाही. हा दरवाजा गुणांचाच आहे. ७२० गुणांची नीट, राखीव प्रवर्गासाठी पात्रता ४० पर्सेंटाइलची. परंतु पात्र ठरणे आणि सरकारी जागा मिळणे यांत कान्हे ते वडगाव एवढे अंतर नाही, कान्हे ते नागपूर एवढे आहे. राज्याच्या कोट्यात अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी १३ टक्के जागा आहेत. अखिल भारतीय १५ टक्क्यांच्या कोट्यात अनुसूचित जातींना १५ टक्के आरक्षण आहे. हे आकडे पाठ असून उपयोग नाही, कागद हातात पाहिजेत. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज मुलगा अकरावी-बारावीत असतानाच करावा. केंद्राच्या जागांसाठी लागणारा जातीच्या दाखल्याचा नमुना राज्याच्या नमुन्याहून वेगळा असतो. बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या घटनात्मक आदेशातील दुरुस्तीने मिळाल्या, म्हणून घरातला जुना दाखला काढून त्यावर काय लिहिले आहे ते एकदा वाचून पाहा. समुपदेशनाच्या चार दिवसांत तहसील कचेरीत धावाधाव करणारे बाप आम्ही पाहिले आहेत. तिथे मुलाचे गुण कमी पडत नाहीत, कागद कमी पडतो.

गुणांचा विषय निघालाच आहे तर एक आकडा सांगतो. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. शेकडा अडतीससुद्धा भरत नाहीत. १९१३ साली बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथली आणि लंडनची पदव्यांची नामावळी आपणा सर्वांना तोंडपाठ आहे. हे उदाहरण देऊन गुणांना अर्थ नाही असे आम्ही म्हणणार नाही, तसे म्हणणे मुलांची फसवणूक ठरेल. एवढेच दाखवायचे आहे की १९०७ चा आकडा १९१३ च्या वाटेत आडवा आला नाही, कारण मधल्या सहा वर्षांत दाखवण्याजोगे काम झाले होते.

तर मित्रांनो, एमबीबीएसला प्रवेश मिळाला, कदाचित यादीच्या शेपटाला मिळाला, असे धरून चालू. आता खरी गोष्ट सुरू होते.

आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची एक योजना १९७९ पासून चालू आहे. तिला अल्पमुदतीची विद्यार्थी शिष्यवृत्ती म्हणतात, मुले तिला एसटीएस म्हणतात. एमबीबीएस किंवा बीडीएस शिकत असतानाच विद्यार्थ्याने एक प्रश्न निवडायचा, महाविद्यालयातील एका शिक्षकाला मार्गदर्शक करायचे, प्रस्ताव लिहून पाठवायचा, तो मंजूर झाला तर दोन महिने काम करून अहवाल द्यायचा. अहवाल मान्य झाला की विद्यावेतन आणि प्रमाणपत्र. नीटला किती गुण होते यावर त्या प्रस्तावाची निवड होत नाही. प्रश्न नीट मांडला आहे का, पद्धत बरोबर आहे का, दोन महिन्यांत होण्याजोगा आहे का, एवढेच पाहतात. एवढी सोपी आणि एवढी दुर्लक्षित योजना आम्हाला दुसरी माहीत नाही. आपल्या वस्तीतल्या मुलांना ती तिसऱ्या वर्षी कळते, तेव्हा अर्जाची तारीख उलटून गेलेली असते.

प्रश्न कुठून आणायचा, असे मुले विचारतात. मुंबई-दिल्लीच्या मुलांकडे यंत्रे असतील, प्रयोगशाळा असतील. आपल्या मुलांकडे मावळ आहे. आवणीच्या दिवसांत आपल्या आयाबहिणी दिवसदिवस चिखलात उभ्या राहून भाताची रोपे लावतात. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, खाज सुटते, कातडी फाटते, आणि त्यावर मेंदी किंवा तेल लावून पुन्हा खाचरात उतरतात. कान्हे, कामशेत, नाणे मावळच्या पट्ट्यात आवणी करणाऱ्या शंभर बायकांपैकी कितीजणींना हे होते, किती दिवस टिकते, त्यात बुरशी किती आणि नुसते पाण्याने भिजणे किती, दवाखान्यात कोण जाते आणि कोण जात नाही, हा दोन महिन्यांचा उत्तम प्रश्न आहे. त्याला लागते एक छापील प्रश्नावली, त्वचारोग विभागाचा मार्गदर्शक, नखाखालचा वा कातडीचा नमुना काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची सोय, आणि महाविद्यालयाच्या नीतिमत्ता समितीची परवानगी. ही परवानगी विसरू नका, तिच्याविना काम सुरू करता येत नाही. शिवाय त्या बायका ज्या मोकळेपणाने तुमच्याशी बोलतील तशा शहरातून आलेल्या कोणाशी बोलणार नाहीत. गुणपत्रिकेत ही गोष्ट कुठे लिहिलेली नसते, पण चांगल्या प्रस्तावात ती दिसते.

दूर जायचीही गरज नाही. कान्ह्याहून लोकल धरली तर दुसरे स्टेशन तळेगाव, तिथे १९९५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. कासारवाडीला उतरले की भोसरीत १९९२ साली स्थापन झालेली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, जिचे नाव अलीकडे बदलले आहे. शिवाजीनगरला उतरले की विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र. आणि पुणे स्टेशनपासून जवळच, १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. जानेवारी २०२० मध्ये देशातला करोनाचा पहिला रुग्ण याच संस्थेच्या तपासणीत निश्चित झाला. ही संस्था ज्या रस्त्यावर आहे त्याचे नाव डॉ. आंबेडकर रस्ता. आपल्यातले कितीजण तिच्या फाटकावरून रोज जातात आणि आत काय चालते हे कधी विचारत नाहीत, याचे आम्हाला नेहमी नवल वाटते.

आता शिफारसपत्राबद्दल. संशोधनाच्या प्रवेशात, मग तो देशात असो की परदेशात, शिफारसपत्राला फार वजन असते आणि आपली मुले तिथेच मार खातात. ती मोठ्या पदावरच्या माणसाकडे जातात. अधिष्ठाता, आमदार, संस्थेचे अध्यक्ष. असा माणूस लिहितो, "हा विद्यार्थी मेहनती व सुस्वभावी आहे." निवड समितीला त्यातून काहीच कळत नाही. ज्या शिक्षकाने तुमची नोंदवही पाहिली, तुमचा प्रयोग फसला तेव्हा तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा आलात हे पाहिले, त्याचे पत्र हवे. तो साधा व्याख्याता असला तरी चालेल. आणि त्याने ते पत्र लिहावे म्हणून त्याच्याबरोबर निदान काही महिने काम केलेले असले पाहिजे. पत्र मागायला आदल्या आठवड्यात जाऊ नये. जाताना प्रस्ताव, अहवाल आणि आपला परिचय एका पाकिटात घालून न्यावा.

कमी गुणांबद्दल अर्जात काय लिहावे? शक्यतो एकच वाक्य. घरी आजारपण होते, पार्टटाइम नोकरी होती, माध्यम बदलले होते, जे खरे असेल ते एका वाक्यात लिहून पुढे जावे. दोन पाने हालअपेष्टा लिहिलेले अर्ज आम्ही वाचले आहेत. वाचून डोळ्यांत पाणी येते, पण मुलाने कशावर काम केले ते शेवटपर्यंत कळत नाही.

दुहेरी पदवी नसतानाही डॉक्टर संशोधक कसा होतो याचे उदाहरण शेजारच्या रायगड जिल्ह्यात आहे. महाडचे नाव आपल्याला १९२७ च्या सत्याग्रहामुळे ठाऊक. त्याच महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ च्या सुमारास डॉ. हिंमतराव बावस्कर नोकरीला आले. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातले, गरीब घरातले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत होती. त्यांनी रुग्णाच्या खाटेजवळ बसून लक्षणे टिपली, हृदयावर काय परिणाम होतो ते लिहून काढले, आणि १९८२ साली त्यांचे निरीक्षण 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आले. पुढे प्राझोसिन नावाच्या गोळीचा उपयोग त्यांनी दाखवून दिला आणि विंचूदंशाने होणारे मृत्यू खूप कमी झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याला आपल्या राज्यात एक वर्ष बंधपत्राची सेवा करावी लागते. बहुतेक मुले ते वर्ष पुढच्या परीक्षेच्या वाचनात काढतात. आमचे म्हणणे असे की त्या वर्षात एक वही घालावी.

आता दुसरी मोठी परीक्षा, नीट पीजी. येथे बेताचे गुण मिळाले की घरात सुतक लागते. पण एक गोष्ट नीट ऐका. एमडीच्या सर्वच जागांसाठी झुंबड नसते. सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, जीवरसायन, शरीरक्रियाशास्त्र, शरीररचना या विषयांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात. २०२३ साली तर रिकाम्या जागा भरण्यासाठी पात्रता शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणावी लागली. आणि गंमत अशी की ज्याला संशोधन करायचे आहे त्याच्यासाठी हेच विषय मुळाक्षरे आहेत. म्हणजे जो दरवाजा इतरांना नको आहे तोच आपल्याला हवा आहे.

अडचण घरातून येते. "सूक्ष्मजीवशास्त्रात एमडी करून दवाखाना कुठे टाकणार? लोक डॉक्टर तरी म्हणतील का?" असे एका आईने आम्हाला विचारले होते. तिचा प्रश्न खोटा नाही. घरातला पहिला डॉक्टर म्हणजे पाटी, गळ्यातला स्टेथोस्कोप, गावात मान. कर्ज असेल तर ते फेडायचे असते. पीएचडीच्या कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीचे दरमहा ३७,००० रुपये, हा दर १ जानेवारी २०२३ पासूनचा, निवासी डॉक्टरच्या विद्यावेतनाहून कमी आहेत. हा हिशेब घरात बसून, आईवडिलांसमोर, कागदावर करावा. लपवून ठेवू नये. परंतु मानाचे म्हणाल तर डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी दवाखाना टाकला नाही. ते विकृतिशास्त्रज्ञ होते, मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत त्यांनी कर्करोगावर काम उभे केले, आणि भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

एमडी न करता थेट पीएचडीकडेही जाता येते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. सीएसआयआरच्या नेट परीक्षेच्या जीवशास्त्र विषयाला एमबीबीएस पदवीधर बसू शकतो. खुल्या वर्गाला ५५ टक्के आणि अनुसूचित जातींना ५० टक्के गुणांची अट आहे. एमबीबीएस उत्तीर्ण होण्यालाच साधारण तेवढे लागतात, म्हणजे आपला उत्तीर्ण झालेला मुलगा पात्रच आहे. शिष्यवृत्तीच्या वयातही आपल्याला पाच वर्षांची सवलत आहे. विद्यापीठ स्वतःची प्रवेश परीक्षा घेत असेल तर २०२२ च्या नियमावलीप्रमाणे ७० टक्के भार परीक्षेला आणि ३० टक्के मुलाखतीला असतो. शिष्यवृत्ती मिळवलेल्याची निवड मुलाखतीवरच होते. तिथे एसटीएसचा तो अहवाल टेबलावर ठेवता आला तर चिखल्यांवरून सुरू झालेली चर्चा अर्धा तास चालते. ज्यांना यंत्रांची, अभियांत्रिकीची आवड आहे अशा एमबीबीएस झालेल्यांसाठी खरगपूरच्या आयआयटीत तीन वर्षांचा वैद्यकीय विज्ञान व तंत्रज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहे.

आणि ज्यांना एमबीबीएस मिळालेच नाही? तीन-तीन वेळा नीट देऊन वय आणि वडिलांची भविष्य निर्वाह निधीची रक्कम दोन्ही संपवणारी मुले पाहिली की आम्हाला वाईट वाटते. पुण्याच्या कमल रणदिवे यांनी डॉक्टर व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. त्या विज्ञान शिकल्या, खानोलकरांच्या हाताखाली १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएचडी घेतली, कर्करोग व कुष्ठरोगावर काम केले आणि १९८२ साली पद्मभूषण झाल्या. आज बीएस्सीनंतर विषाणूशास्त्रात एमएस्सी पुण्यात करता येते. पाषाणच्या आयसरमध्ये बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्याची प्रवेश परीक्षा वेगळी आणि तिथेही आपले आरक्षण आहे. रोगावर संशोधन करणारे निम्मे लोक डॉक्टर नसतात म्हटले तरी फारसे चुकणार नाही.

परदेशाबद्दल थोडक्यात. आपल्यातील काही कुटुंबे अमेरिकेत स्थायिक आहेत, त्यांच्या मुलांनाही हाच प्रश्न पडतो. तेथील एमकॅट परीक्षा ५२८ गुणांची, आणि दुहेरी पदवीला प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ५१५-५१६ च्या आसपास. ती खाली असेल तर अर्ज फुकट जातो असे नाही. त्या अर्जात 'दोन्ही पदव्या का हव्यात' आणि 'संशोधनाचा अनुभव' असे दोन जादा निबंध लिहावे लागतात, दुसरा चांगला लांबलचक असतो, आणि समिती तो बारकाईने वाचते. ज्याने दोन-तीन वर्षे प्रयोगशाळेत काढली त्याच्याकडे लिहायला असते. मात्र येथून जाणाऱ्याने हे लक्षात ठेवावे की त्या सरकारी योजनेचा पैसा तेथील नागरिक व कायम रहिवाशांसाठीच आहे आणि बहुतेक वैद्यकीय महाविद्यालये तेथील पदवीशिवाय दार उघडत नाहीत. आपल्या मुलांनी एमबीबीएस इथे करून पीएचडीसाठी बाहेर जावे हे शहाणपणाचे. त्यासाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, पीएचडीसाठी वयोमर्यादा ४० वर्षे. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही आहे, तिला पात्रता परीक्षेत ६० टक्के लागतात. गुणांच्या, उत्पन्नाच्या आणि विद्यापीठाच्या क्रमांकाच्या अटी बदलत असतात. त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी, शेजाऱ्याच्या मुलाला काय लागले होते त्यावर जाऊ नये.

एक इशारा दिल्यावाचून राहवत नाही. गुण कमी आहेत हे कळले की दलालांना वास लागतो. "पैसे भरा, शोधनिबंधावर नाव घालून देतो," असे सांगणारा एक इसम आपल्याच भागातील एका मुलाकडून बरीच रक्कम घेऊन गेला. मुलाखतीत त्या निबंधावर पहिलाच प्रश्न आला आणि मुलाला उत्तर देता आले नाही. न केलेल्या कामाचे दहा निबंध असण्यापेक्षा स्वतः मोजलेल्या शंभर बायकांची वही बरी. संशोधन कसे करावे हेच शिकायचे असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा जैववैद्यकीय संशोधनाचा प्राथमिक अभ्यासक्रम घरबसल्या संगणकावर शिकता येतो.

आता कामाचे. आमच्या समितीतर्फे दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी विहारात आम्ही बसतो. येताना गुणपत्रिका आणली नाही तरी चालेल. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र किंवा त्याच्या अर्जाची पोच, उत्पन्नाचा दाखला यांच्या प्रती आणाव्यात. त्याबरोबर एका कागदावर, आपल्याच शब्दांत, मराठीत लिहिले तरी चालेल, आपल्या गावात वा दवाखान्यात दिसलेला आणि उत्तर न सापडलेला एक प्रश्न लिहून आणावा. एसटीएसच्या प्रस्तावाचा नमुना आमच्याकडे आहे, त्याची प्रत विनामूल्य मिळेल. प्रस्ताव इंग्रजीत करायला आम्ही मदत करू, पण प्रश्न तुमचा तुम्हीच आणायचा आहे.

जय भीम.